एकाच ॲपमध्ये अनेक स्वतंत्र काउंटडाउन टायमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआयटी ॲप इन्व्हेंटर (तयार ब्लॉक जोडून मोबाइल ॲप बनवण्याचं साधन) शिकणाऱ्यांकडून माझ्याकडे सर्वाधिक प्रश्न येतात ते टायमरबद्दल. एक टायमर सगळ्यांना जमतो. चार हवेत म्हटलं की त्याच ब्लॉकच्या चार प्रती काढल्या जातात आणि पहिल्यात केलेली दुरुस्ती उरलेल्या तिघांत करायची राहून जाते. ही पद्धत सोडावी असं मला मनापासून वाटतं, कारण टायमर कितीही वाढले तरी कोड तेवढाच राहू शकतो.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: फिजिओथेरपी केंद्रातले चार बेड. एका बेडवर १५ मिनिटं शेक, दुसऱ्यावर २० मिनिटं मशीन, आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या वेळी. ब्लॉकची नावं संपादकात इंग्रजीत दिसतात. इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

१. क्लॉक हा घटक म्हणजेच काउंटडाउन टायमर ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. सेन्सर्सच्या कप्प्यातला क्लॉक फक्त ठोके देतो. 'टायमरइंटरव्हल'मध्ये जितके मिलिसेकंद लिहाल (आधीपासून १००० असतात) तितक्या वेळाने तो 'टायमर' हा इव्हेंट (काही घडल्याची सूचना; ती आली की तिला जोडलेले ब्लॉक चालतात) उठवतो. किती वेळ उरला, कोणत्या बेडचा उरला, कधी थांबायचं, यातलं त्याला काहीही ठाऊक नसतं. ते सगळं तुम्ही व्हेरिएबलमध्ये ठेवता. म्हणून खाली 'क्लॉक' म्हणजे ठोके देणारा घटक आणि 'टायमर' म्हणजे तुमचा काउंटडाउन, असा फरक पाळला आहे.

२. चार टायमर हवेत, तर चार क्लॉक लावायचे ना?

एक पुरतो. प्रत्येक ठोक्याला चारही बेडची माहिती बघायची आणि जो चालू असेल त्याचं लेबल बदलायचं. चार बेरजा-वजाबाक्या करायला फोनला नगण्य वेळ लागतो.

चार क्लॉक लावून 'व्हेन एनी क्लॉक टायमर' हा सामाईक इव्हेंट वापरला तरी कोड एकदाच लिहावा लागतो. ती पद्धत चुकीची नाही. पण पाचवा बेड आला की डिझायनरमध्ये (जिथे ॲपचा पडदा मांडतात) जाऊन पाचवा क्लॉक ओढावा लागतो आणि कोणता क्लॉक कोणत्या बेडचा हे सांभाळावं लागतं. वेगळा क्लॉक मी फक्त वेगळ्याच कामासाठी लावते, उदाहरणार्थ संपलेल्या बेडचं लेबल लुकलुकवायला.

३. मग एका टायमरची म्हणून नेमकी कोणती माहिती ठेवायची?

चार लिस्ट पुरतात: 'शेवट' (टायमर संपण्याची वेळ, मिलिसेकंदांत), 'उरलेले' (थांबवला असेल तेव्हापुरतं), 'स्थिती' (रिकामा, चालू, थांबला, संपला) आणि 'लेबल' (ज्या लेबलवर आकडे दाखवायचे ती लेबलं). चारही लिस्टमधला तिसरा क्रमांक म्हणजे तिसरा बेड. ॲप इन्व्हेंटरमध्ये लिस्ट १ पासून मोजली जाते, त्यामुळे बेडचा क्रमांक आणि इंडेक्स (लिस्टमधल्या जागेचा क्रमांक) आपोआप जुळतात.

लेबलची लिस्ट बनवायला प्रत्येक लेबलच्या कप्प्यात सर्वांत खाली असलेला, नुसतं त्या लेबलचं नाव लिहिलेला ब्लॉक घ्या. त्यातून मजकूर मिळत नाही, ते लेबलच मिळतं. ग्लोबल (स्क्रीनवरच्या सगळ्या ब्लॉकना दिसणाऱ्या) व्हेरिएबलला सुरुवातीला रिकामी लिस्ट द्या आणि 'स्क्रीन१ इनिशियलाइझ'मध्ये ती भरा.

एवढं झालं की टायमर हा लिस्टमधल्या एका ओळीएवढा उरतो. कोड चारही ओळींसाठी एकच.

४. प्रत्यक्ष ब्लॉक कसे लावायचे ते दाखवाल का?

हा पूर्ण सांगाडा. प्रोसीजर म्हणजे नाव देऊन हवा तेव्हा बोलावता येणारा ब्लॉकचा गट, आणि 'सिस्टमटाइम' म्हणजे आत्ताची वेळ मिलिसेकंदांत देणारा क्लॉकचा ब्लॉक. चौकोनी कंसात इंडेक्स आहे. वाचताना 'सिलेक्ट लिस्ट आयटम' आणि बदलताना 'रिप्लेस लिस्ट आयटम' हे ब्लॉक वापरा. लेबलचा मजकूर बदलायला 'एनी कॉम्पोनंट'मधला 'सेट लेबल टेक्स्ट ऑफ कॉम्पोनंट' घ्या.

```
प्रोसीजर सुरू_करा (क्र, मिनिटं)
    शेवट[क्र]  ← सिस्टमटाइम + मिनिटं × ६००००
    स्थिती[क्र] ← "चालू"
    क्लॉक१.टायमरएनेबल्ड ← ट्रू

प्रोसीजर ताजं_करा (क्र)
    जर स्थिती[क्र] = "चालू"
        लोकल बाकी ← शेवट[क्र] − सिस्टमटाइम
        जर बाकी ≤ ०
            स्थिती[क्र] ← "संपला"
            लेबल[क्र].टेक्स्ट ← "वेळ संपली"
            संपल्यावर (क्र)
        नाहीतर
            लेबल[क्र].टेक्स्ट ← वेळ_लिहा (बाकी)

क्लॉक१.टायमर झाल्यावर
    क्र = १ पासून लेबल-लिस्टच्या लांबीपर्यंत
        ताजं_करा (क्र)
```

'ताजं_करा' या प्रोसीजरमध्ये कोणत्याही बेडचं नाव नाही, हे मुद्दाम बघा. तिला फक्त 'क्र' कळतो. तसंच लूपची शेवटची संख्या ४ अशी न लिहिता लिस्टची लांबी घेतली आहे. पाचवा बेड लिस्टमध्ये घातला की लूप आपोआप पाच वेळा फिरतो. 'वेळ_लिहा' प्रश्न ९ मध्ये आणि 'संपल्यावर' प्रश्न ११ व १२ मध्ये आहे.

५. दर ठोक्याला 'उरलेले सेकंद'मधून १ वजा करणं सोपं आहे. त्यात काय बिघडतं?

थोड्या वेळाच्या टायमरमध्ये काही बिघडलेलं दिसत नाही, म्हणूनच ही सवय टिकते. पण ठोका म्हणजे सेकंद नव्हे.

अँड्रॉइडवर क्लॉक आधी तुमचे ब्लॉक पूर्ण चालवतो आणि मग पुढच्या ठोक्यासाठी १००० मिलिसेकंद मोजायला लागतो. तुमच्या ब्लॉकना १५ मिलिसेकंद लागत असतील तर एका ठोक्यापासून पुढच्यापर्यंत प्रत्यक्षात १०१५ मिलिसेकंद जातात. २० मिनिटांच्या टायमरला १२०० ठोके लागतात. १२०० गुणिले १५ म्हणजे १८ सेकंद. इतका तो उशिरा संपणार. ब्लॉक जड असतील, लूपमध्ये मोठं चित्र बदलत असाल, तर फरक आणखी वाढतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. स्क्रीन बंद होऊन फोन गाढ झोपला की ज्या घड्याळावर हे ठोके मोजले जातात तेच थांबतं. फोन दहा मिनिटं झोपला तर वजाबाकीवाला टायमर दहा मिनिटं मागे पडतो आणि त्याला ते कळतही नाही.

संपण्याची वेळ साठवली तर दोन्ही अडचणी जातात. ठोका उशिरा आला, मधले पन्नास ठोके चुकले, तरी पुढचा ठोका आला की 'शेवट वजा आत्ता' हे उत्तर बरोबरच येतं. ठोक्यांचं काम फक्त पडद्यावरचा आकडा बदलायचं; वेळ मोजायचं नाही.

६. दुसरा टायमर सुरू केला की पहिल्याचे आकडे बदलतात. का?

दोघे एकच ग्लोबल व्हेरिएबल वापरत आहेत. 'उरलेले सेकंद' नावाचं एकच व्हेरिएबल ठेवून चार बटणं त्यात लिहीत असतील, तर शेवटी ज्याने लिहिलं त्याचा आकडा सगळ्यांना दिसतो. टायमरागणिक वेगळी असणारी प्रत्येक गोष्ट लिस्टमध्ये गेली पाहिजे, आणि हिशेबापुरती लागणारी गोष्ट (वरच्या सांगाड्यातलं 'बाकी') लोकल व्हेरिएबलमध्ये. ग्लोबलमध्ये राहावं ते फक्त सगळ्यांना खरोखर सामाईक असलेलं.

लिस्ट वापरूनही हेच होत असेल तर प्रश्न १९ बघा.

७. चार 'सुरू' बटणांसाठी चार क्लिक इव्हेंट लिहावे लागतात. तेही एकात होतील का?

होतील. 'सुरू' बटणांची एक लिस्ट करा आणि 'व्हेन एनी बटन क्लिक' हा इव्हेंट घ्या. त्यात 'कॉम्पोनंट' म्हणून दाबलेलं बटण मिळतं. 'इंडेक्स इन लिस्ट' ब्लॉकने ते बटण लिस्टमध्ये कितवं आहे ते काढा. मिळालेला आकडा म्हणजेच बेडचा क्रमांक, तोच 'सुरू_करा'ला द्या.

हा इव्हेंट स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणासाठी उठतो, 'सेटिंग' आणि 'मागे' या बटणांसाठीही. बटण लिस्टमध्ये नसेल तर 'इंडेक्स इन लिस्ट' ० देतो. त्यामुळे आकडा ० पेक्षा मोठा आहे का हे आधी तपासा, नाहीतर 'सेटिंग' दाबल्यावर लिस्टमधली शून्यावी जागा मागितल्याची चूक पडद्यावर येईल.

एखाद्या बटणाचा स्वतःचा वेगळा क्लिक इव्हेंटही लिहिलेला असेल तर आधी तो चालतो आणि मग हा सामाईक चालतो. तेव्हा 'नॉटऑलरेडीहँडल्ड' फॉल्स येतं, त्यावरून ओळखता येतं.

८. एकच टायमर मध्येच थांबवून पुन्हा सुरू करायचा आहे. क्लॉक बंद केला तर सगळेच थांबतात.

म्हणून क्लॉकला हात लावायचा नाही. पेशंट मध्येच उठला, तर त्या बेडसाठी 'उरलेले[क्र]'मध्ये 'शेवट[क्र] वजा सिस्टमटाइम' लिहा आणि 'स्थिती[क्र]' 'थांबला' करा. 'ताजं_करा' फक्त 'चालू' बघते, त्यामुळे हा बेड आपोआप वगळला जातो आणि लेबलवर शेवटचा आकडा तसाच राहतो.

पुन्हा सुरू करताना 'शेवट[क्र]' बरोबर 'सिस्टमटाइम अधिक उरलेले[क्र]', आणि स्थिती परत 'चालू'. जुनी 'शेवट' वेळ पुन्हा वापरू नका. थांबलेला वेळ त्यात मोजला जाईल.

थांबवा आणि पुढे चालू यासाठी एकच बटण ठेवायचं असेल तर स्थिती बघून ठरवा. बटणावर काय लिहिलंय यावरून ठरवू नका. उद्या कोणी बटणावरचा मजकूर 'थांबा' ऐवजी 'थांबवा' केला तर कोड मोडेल.

९. मिलिसेकंदांचे मिनिटं आणि सेकंद कसे करायचे? सुरू करताच १९:५९ का दिसतं?

'बाकी'ला १००० ने भागा आणि 'सीलिंग' ब्लॉकने वरच्या पूर्णांकात न्या. मग ६० ने 'कोशंट' म्हणजे मिनिटं, ६० ने 'मॉड्युलो' म्हणजे सेकंद. मिनिटं किंवा सेकंद एकअंकी असतील तर आधी ० जोडा, नाहीतर ५ मिनिटं ७ सेकंद हे ५:७ असं दिसतं.

१९:५९ दिसतं कारण 'फ्लोअर' वापरलेलं असतं. सुरू केल्यावर पहिल्या ठोक्यापर्यंत काही मिलिसेकंद गेलेलेच असतात, त्यामुळे खालच्या पूर्णांकात नेलं की एक सेकंद लगेच उडतो. 'सीलिंग'ने पहिला पूर्ण सेकंद २०:०० दिसतं आणि ००:०१ दिसून गेल्यावर टायमर संपतो. माणूस मनात मोजतो तेही असंच.

हे सगळं 'वेळ_लिहा' या उत्तर देणाऱ्या एकाच प्रोसीजरमध्ये ठेवा.

१०. मधूनच एखादा सेकंद दिसतच नाही. १२ नंतर थेट १० येतात.

हिशेब बरोबर आहे, दाखवणं उशिरा होतंय. ठोके १०१५ मिलिसेकंदांनी येत असतील तर कधीतरी एक सेकंद दोन ठोक्यांच्या मधे निसटतो. 'टायमरइंटरव्हल' २५० करा. प्रत्येक सेकंदाला चारदा लेबल लिहिलं जाईल, पण डोळ्याला आकडा वेळेवर बदललेला दिसेल. सगळे बेड रिकामे झाले की क्लॉक बंद करा. 'सुरू_करा'मध्ये तो परत चालू होतोच.

११. वेळ संपल्यावर बेल सारखी वाजत राहते, किंवा संदेशाच्या चौकटी एकावर एक येतात.

स्थिती बदललेली नाही, किंवा बेल वाजवल्यानंतर बदलली आहे. 'नोटिफायर'ची संदेश-चौकट वापरणाऱ्याच्या उत्तरासाठी क्लॉकला थांबवत नाही. चौकट उघडी असतानाही पुढचा ठोका येतो, बाकी अजून शून्याच्या खालीच असते, आणि दुसरी चौकट उघडते. म्हणून सांगाड्यात आधी 'संपला' लिहिलं आणि मग 'संपल्यावर' बोलावलं. क्रम उलटा करू नका.

आणखी एक चूक: 'बाकी बरोबर ०' असं तपासणं. मिलिसेकंद नेमके शून्यावर सापडणं जवळजवळ अशक्य. 'शून्य किंवा त्याहून कमी' असंच तपासा.

१२. दोन बेड एकाच वेळी संपले तर एकच बेल ऐकू येते. कोणता संपला हे कसं कळणार?

'संपल्यावर' या प्रोसीजरमध्ये थेट आवाज काढू नका. त्या ठोक्यात संपलेल्यांची नावं एका तात्पुरत्या लिस्टमध्ये टाका. लूप पूर्ण झाल्यावर लिस्ट रिकामी नसेल तर एकदाच बेल वाजवा आणि 'टेक्स्टटूस्पीच'ला एकच वाक्य द्या: "बेड दोन आणि बेड चार, वेळ संपली." फोनमध्ये मराठी आवाज उपलब्ध असेल तर हे मराठीतच बोलतो, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्याला स्क्रीनकडे धावावं लागत नाही.

लेबलचा रंगही बदला. बेल ऐकली नाही तरी लाल चौकोन दिसतो.

१३. टायमर किती लागतील हे आधी माहीत नाही. ॲप चालू असताना नवीन लेबल तयार करता येतं का?

मूळ ॲप इन्व्हेंटरमध्ये नाही; त्यासाठी बाहेरचं एक्स्टेन्शन लागतं. त्याशिवाय दोन मार्ग आहेत. जास्तीत जास्त किती लागतील याचा अंदाज असेल (समजा बारा), तर तेवढ्या ओळी डिझायनरमध्ये बनवून लपवून ठेवा आणि गरजेप्रमाणे 'व्हिजिबल' करा. अंदाजच नसेल तर 'लिस्टव्ह्यू' घ्या आणि दर सेकंदाला त्याचे 'एलिमेंट्स' नव्याने भरा.

टायमर काढून टाकताना सगळ्या लिस्टमधून तोच क्रमांक काढा. एका लिस्टमधून राहिला तर तिथून पुढचे सगळे बेड एकमेकांच्या वेळा दाखवू लागतात, आणि ही चूक शोधायला फार त्रास होतो. लूप चालू असताना काढायचं असेल तर शेवटाकडून सुरुवातीकडे या, नाहीतर काढलेल्याच्या पुढचा एक तपासायचा राहतो.

१४. ॲप मागे गेलं किंवा स्क्रीन बंद झाली, तर बेल वाजेल का?

खात्री धरू नका. 'टायमरऑलवेजफायर्स' ट्रू असेल तर ॲप समोर नसतानाही ठोके येऊ शकतात, पण फोनने ॲपची प्रक्रियाच बंद केली किंवा फोन झोपला तर येत नाहीत. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, 'डोझ' ही बॅटरी वाचवणारी सोय आहे. स्थिर पडून असलेल्या फोनवर ती मागची कामं रोखून धरते.

प्रश्न ५ मधल्या पद्धतीने आकडे चुकत नाहीत. ॲप पुन्हा समोर आलं की बरोबर वेळ दिसते. बेल मात्र उशिरा वाजेल. केंद्रात टेबलावर ठेवलेला, चार्जरला लावलेला, स्क्रीन चालू असलेला टॅब असेल तर अडचण नाही. ज्या उपचारात जास्त वेळ झाला तर इजा होऊ शकते, तिथे मशीनवरचाच टायमर लावा. हे ॲप बेडवर लक्ष ठेवायला आहे, मशीन बंद करायला नाही.

१५. ॲप पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडलं तर चालू टायमर परत मिळतील का?

मिळतील. 'शेवट', 'उरलेले' आणि 'स्थिती' या तीन लिस्ट 'टायनीडीबी'मध्ये (फोनवर माहिती साठवून ठेवणाऱ्या घटकात) साठवा. लेबलची लिस्ट साठवायची नाही. ती दर वेळी 'स्क्रीन१ इनिशियलाइझ'मध्ये नव्याने बनते. साठवण सुरू करताना, थांबवताना आणि संपल्यावर करा. दर ठोक्याला करण्याची गरज नाही, कारण ठोक्यागणिक साठवलेलं काहीच बदलत नसतं.

उघडल्यावर 'चालू' म्हणून साठवलेल्या पण 'शेवट' उलटून गेलेल्या बेडसाठी नुसतं 'वेळ संपली' लिहू नका. 'आत्ता वजा शेवट' काढून "६ मिनिटांपूर्वी संपली" असं लिहा. वापरणाऱ्याला तीच माहिती हवी असते.

कंपॅनियनवर (बनवत असलेलं ॲप फोनवर चालवून बघायचं ॲप) तपासताना तुमचे सगळे प्रोजेक्ट एकच टायनीडीबी वापरतात. दुसऱ्या प्रोजेक्टमधला 'शेवट' नावाचा टॅग (साठवलेल्या माहितीला दिलेलं नाव) इथे उगवला तर घाबरू नका. टॅगना प्रोजेक्टचं नाव जोडा. ॲप बनवून फोनवर टाकल्यावर प्रत्येकाची साठवण वेगळी होते.

१६. टायमर एका स्क्रीनवर सुरू करून दुसऱ्या स्क्रीनवर दाखवायचे आहेत.

शक्यतो दुसरी स्क्रीन करू नका. ॲप इन्व्हेंटरमध्ये प्रत्येक स्क्रीनचे घटक, व्हेरिएबल आणि प्रोसीजर वेगळे असतात, त्यामुळे कोडही दोनदा लिहावा लागतो. एकाच स्क्रीनवर दोन 'व्हर्टिकल अरेंजमेंट' ठेवून एक दाखवा, एक लपवा. दुसरी स्क्रीन हवीच असेल तर 'शेवट'ची लिस्ट टायनीडीबीतून वाचा. ती सगळ्या स्क्रीनना सामाईक असते.

१७. कोणी फोनचं घड्याळच पुढेमागे केलं तर? आणि परदेशात गेल्यावर वेळ बदलते तेव्हा?

टाइमझोन बदलल्याने काही होत नाही. 'सिस्टमटाइम' १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद देतो आणि ते जगभर एकच असतात. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये वर्षातून दोनदा घड्याळ एक तास सरकतं, त्यानेही फरक पडत नाही. फरक पडतो तो 'तास' आणि 'मिनिट' वेगळे काढून त्यांची वजाबाकी केली तर. ती करू नका. रात्री बारानंतरही ती चुकते.

हाताने घड्याळ बदललं तर मात्र सगळे टायमर तेवढ्याने चुकतात. मागच्या ठोक्याची वेळ एका ग्लोबलमध्ये ठेवा. आत्ताची वेळ तिच्यापेक्षा कमी आली तर घड्याळ मागे नेलं हे निश्चित. तेवढा फरक सगळ्या चालू 'शेवट' वेळांतून वजा करा. पुढे नेलेलं घड्याळ असं पकडता येत नाही, कारण फोन झोपून उठला तरी तशीच उडी दिसते. म्हणून परीक्षा किंवा स्पर्धेची वेळ या पद्धतीवर सोपवू नये.

१८. एक टायमर संपला की त्याच बेडवर दुसरा आपोआप सुरू व्हायला हवा: १५ मिनिटं शेक, मग १० मिनिटं मशीन.

बेडसाठी टप्प्यांची लिस्ट ठेवा. टप्पा संपला की नवीन 'शेवट' म्हणजे जुनी 'शेवट' अधिक पुढच्या टप्प्याचा कालावधी. 'सिस्टमटाइम अधिक कालावधी' करू नका. प्रत्येक टप्प्याला ठोक्याचा उशीर साचत जातो. फोन बराच वेळ झोपलेला असेल तर एकाच ठोक्यात दोन टप्पे उलटून गेलेले असू शकतात, म्हणून इथे 'जर' ऐवजी 'व्हाइल' लावा.

पण मधे माणसाने येऊन मशीन जोडायचं असेल तर टप्पे आपोआप पुढे नेऊच नका. तिथे 'थांबला' स्थितीत वाट बघणं बरोबर.

१९. प्रत्येक टायमरसाठी डिक्शनरी वापरली, तरी एक बदलला की चारही बदलतात.

डिक्शनरी म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा संच. तुमच्याकडे चारही जागी एकच डिक्शनरी आहे. 'नमुना' नावाची एक डिक्शनरी करून ती लिस्टमध्ये चारदा घातली, तर लिस्टमध्ये चार प्रती जात नाहीत. एकाच वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या चार जागा तयार होतात. लूपच्या आत दर वेळी 'मेक अ डिक्शनरी'ने नवीन बनवा, किंवा 'कॉपी डिक्शनरी' वापरा. लिस्टच्या आत लिस्ट ठेवली तरी हाच नियम लागतो. तिथे 'कॉपी लिस्ट'.

डिक्शनरी चांगलीच. नाव, कालावधी, टप्पे, शेवट, स्थिती अशा पाच-सहा गोष्टी झाल्या की चार-पाच समांतर लिस्ट सांभाळण्यापेक्षा डिक्शनऱ्यांची एक लिस्ट बरी, आणि प्रश्न १३ मधली काढून टाकण्याची चूकही होत नाही. पहिल्यांदा करत असाल तर मात्र साध्या लिस्टने सुरू करा. काय कुठे जातंय हे डोळ्यांना दिसतं.

२०. २० मिनिटांचा टायमर तपासायला दर वेळी २० मिनिटं बसायचं का?

६०००० हा आकडा कोडमध्ये थेट न लिहिता 'मिनिटाचे_मिलिसेकंद' या ग्लोबलमध्ये ठेवा आणि तपासताना तो १००० करा. २० मिनिटं २० सेकंदांत संपतात. पडद्यावर ००:२० दिसेल ते ठीक आहे. कंपॅनियन जोडलेला असताना ब्लॉकवर राइट-क्लिक करून 'डू इट' दिलं की 'शेवट' लिस्टमध्ये त्या क्षणी काय आहे तेही दिसतं.

सगळे एकत्र सुरू करून तपासू नका. एक सुरू करा, दुसरा सुरू करा, पहिला थांबवा, तिसरा सुरू करा, पहिला परत चालू करा. स्वतंत्रपणातली चूक अशाच क्रमाने बाहेर येते.

२१. हेच ब्लॉक दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये कसे न्यायचे?

ब्लॉक संपादकात उजवीकडे वर 'बॅकपॅक' आहे. ब्लॉक त्यात टाका, दुसरा प्रोजेक्ट उघडा, बाहेर काढा. प्रोसीजरला बोलावणारा ब्लॉक नेला म्हणून प्रोसीजर सोबत येत नाही. ती वेगळी न्या. ब्लॉकमध्ये 'लेबल३' असं थेट नाव असेल आणि नव्या प्रोजेक्टमध्ये तसं लेबल नसेल तर तो ब्लॉक अडतो. प्रश्न ४ मधला सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा जातो, कारण त्यात 'क्लॉक१' सोडून कोणत्याही घटकाचं नाव नाही.

२२. मी कोटलिनमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहितो. तिथेही हेच का?

हिशेब तोच, हत्यारं वेगळी. अँड्रॉइडच्या 'काउंटडाउनटायमर' क्लासमध्ये थांबवून पुढे चालू करण्याची सोय नाही. फक्त 'स्टार्ट' आणि 'कॅन्सल' आहेत. 'रिसायकलरव्ह्यू'च्या (लांब यादी दाखवणाऱ्या घटकाच्या) प्रत्येक ओळीत असा एकेक टायमर ठेवला की ओळी पुन्हा वापरल्या जाताना एका लेबलवर दोन टायमर लिहू लागतात आणि आकडे थरथरतात. संपण्याच्या वेळा डेटामध्ये ठेवा आणि ठोका एकच ठेवा. तिथे 'एलॅप्स्डरिअलटाइम' (फोन सुरू झाल्यापासूनचा वेळ) मिळतो: तो फोन झोपला तरी चालू राहतो आणि हाताने घड्याळ बदललं तरी बदलत नाही, म्हणजे प्रश्न १७ मधली अडचण सुटते. फक्त फोन रीस्टार्ट झाला की तो शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे साठवून ठेवायला उपयोगी नाही.

ब्राउझरमध्ये 'सेटइंटरव्हल'च्या ठोक्यांवर विसंबू नका. मागे गेलेल्या टॅबचे ठोके ब्राउझर मंद करतात. क्रोमने ८८ व्या आवृत्तीपासून (२०२१) बराच वेळ मागे पडलेल्या टॅबमध्ये ते मिनिटाला एकदा इतके खाली आणले आहेत. 'डेट डॉट नाऊ'शी (आत्ताच्या वेळेशी) तुलना केली की टॅब समोर येताच आकडा बरोबर दिसतो.